आवणीच्या बदल्यात साकव

दिवाळी झाली की आई-बाबा ठाण्याला बांधकामावर जायचे. आई घमेली वाहायची, बाबा स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायच्या सेंट्रिंगला. मी जव्हारच्या आश्रमशाळेत. घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. आज त्याच ठाण्यात साइट इंजिनिअर आहे. घमेल्यावर शिकले, हे मी छाती काढून सांगते.

आवणीला, म्हणजे भातलावणीला, सूर्यमाळला घरी आले होते. मोठ्या पावसात ओहोळाने शेजारच्या पाड्याचा साकव नेला. साकव म्हणजे पायी जायचा छोटा पूल. आता उरली डोंगरावरची निसरडी वाट. धडधाकट माणूस तिच्यावरून येईल. खांद्यावरून माणूस न्यायची डोली आणायची कुणाची छाती नव्हती. आणि पाड्यावर सुमनचे दिवस भरत आले होते.

आमच्या बांधकाम युनियनची माणसंही आवणीला घरीच. मी मीटिंग बोलावली. आमचे पुढारी काशीदादा, गवंडी, मान खाजवत म्हणाले, "साकव बांधू गं बाय. पण आवणी लांबून आमची रोपं म्हातारी झाली, तर वरीसभर खायाचं काय?"



सुमनची सासू जानकीआजी डोंगर उतरून आली होती. ती उठली. "फुकट आमाला पण नको. सावड करू. तुमी साकव बांधा, तुमची आवणी आमच्या बाया करतील."

सावड म्हणजे कामाची फेड कामाने.

"आजी, माझ्या खाचरात चिखल लय. रुतशील," काशीदादा म्हणाले.

"त्या खाचरात मी आवणी केली, तवा तू बांधावर झोळीत रडत होतास. मला नको शिकवू!"

हशा झाला आणि काम ठरलं.

काँक्रीटला ताकद यायला आठवडे लागतात. म्हणून मी दोन्ही काठांना गॅबियन लावायचं ठरवलं. गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत गच्च भरलेले दगड. रचले की लगेच भार घेतात. वर टाकायला लोखंडी गर्डर हवे होते. ठाण्याच्या साइटवरच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, पार्किंगमागे जुने गर्डर पडलेत."

"मॅडम, तुम्ही सुट्टीवर आहात ना?"

"म्हणून तर वेळ आहे."

"आणि माझा स्लॅब? सगळे सेंट्रिंगवाले तिकडेच बसलेत!"

"साकव झाला की येतील."

मग, "ट्रक पाठवतो. पण माणसं परत पाठवा."

डांबरी रस्ता संपला तिथे ट्रक थांबला. पुढे गर्डर खांद्यांवर. इकडे साइटवरचं 'हैशा', तिकडे खाचरात बायांची गाणी. शेवटची फळी ठोकताना पाऊस पुन्हा कोसळला. लोंढा गॅबियनवर आदळला, दगडांच्या फटींतून निथळला. जाळी जागची हलली नाही. काशीदादांनी हातोडी हवेत उडवली आणि झेलायला विसरले.

माझा धडा एवढाच: आमच्याकडे कामाचं एस्टिमेट काढताना आधी रोपांचं वय विचारा.

पाऊस ओसरल्यावर सुमनची डोली साकवावरून गेली. पलीकडे डांबरी रस्त्यावर ॲम्ब्युलन्स उभीच होती. जव्हारला मुलगी झाली. युनियनच्या एकाही माणसाचं खाचर पडीक राहिलं नाही. साकव उभा आहे.