गयेला काय सोडलं

मी भोचक आहे. माहेरी साताऱ्याला आई म्हणायची, हिला दुसऱ्याच्या पातेल्यात काय शिजतंय ते कळल्याशिवाय स्वतःचा घास गिळत नाही. लग्न होऊन झाशीला आले आणि माझ्या या स्वभावाला रानच मोकळं मिळालं. घरात मराठी बोलत, पण ती माझ्या मराठीसारखी नव्हती. सासऱ्यांना मामंजी म्हणायचं, नणंदेला वन्सं. हे शब्द माझ्या आजोळीसुद्धा कधीच मागे पडले होते. आणि त्याच घरात नवरा ‘जरा पानी दे ना, जल्दी आहे’ असंही म्हणायचा. तुमची माणसं इकडे आली कधी, असं विचारलं की मामंजी ‘पेशव्यांच्या वेळी’ असं म्हणत, ते अशा सुरात की जणू मागच्या आठवड्यातच सामान उतरवलंय.

ते तेव्हा बोलत. मी विचारावं आणि त्यांनी सांगावं, असा आमचा संध्याकाळचा कार्यक्रमच होता. सासूबाई म्हणत, सूनबाईला पगारी चौकशी-अधिकारी नेमा.

सासूबाई उन्हाळ्यात गेल्या. थोडक्या दिवसांच्या आजाराने गेल्या, आणि मामंजी गप्प झाले. हो, नाही, ठेव तिथे, एवढ्यावर दिवस निघू लागला. पितृपक्षात त्यांनी गयेला जायचं काढलं. जाणत्यांनी सांगून पाहिलं की आधी वर्षश्राद्ध होऊ द्या, मग जा. पण ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हा त्यांचा जुना खाक्या. मुलाला बरोबर घेऊन ते गेले आणि पिंडदान करून आले.

गयेला अक्षयवटाखाली आपल्या आवडीचं एक फळ जन्मभरासाठी सोडायचं असतं, हे मलाही माहीत होतं. माझे एक मामा तिथे कारलं सोडून आले होते आणि वर पुण्य लागलं म्हणून मिरवत होते. पण या घरची रीत कडक होती. सोडायचं ते मनातल्या मनात सोडायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि पुढे त्या फळाचं नावही घ्यायचं नाही. नाव घेतलं की तोंडाला पाणी सुटतं, म्हणजे ते खाल्ल्यासारखंच झालं. आणि चुकून ते ताटात आलंच, तर अख्खं ताट बाजूला सारायचं आणि दिवसभर उपास करायचा.

एरवी मला या रीतीची गंमत वाटली असती. पण मामंजींचे सदरे खांद्यावरून ओघळायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जेवत नसतील तर निदान फळं तरी पोटात जाऊ द्या, एकही दिवस उपाशी ठेवू नका. आणि ज्या फळांवर भिस्त ठेवायची, त्यातलंच एक विषासारखं होऊन बसलं होतं. कुठलं, ते आम्हाला माहीत नव्हतं.

दिवाळी आली. वर्ष दुखवट्याचं, दारात कंदील नाही, घरात तळण नाही. शेजारच्या काकी करंजीसारख्या गुजिया आणि खुसखुशीत पपडिया भरलेलं ताट घेऊन आल्या आणि मला बजावून गेल्या, ‘जा साल कढ़ैया नईं चढ़ने, बहू.’ काकी बुंदेली, आम्ही मराठी, पण दुःखाच्या वर्षी कढई चुलीवर चढवायची नाही, यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. त्यांच्या ताटाला मामंजींनी हात लावला नाही.

भाऊबीजेला वन्सं ग्वाल्हेरहून येणार, हे दसऱ्यालाच ठरलं होतं. आई गेल्यानंतरची त्यांची पहिली दिवाळी. ओवाळून झाल्यावर भावाच्या आणि बापाच्या पुढ्यात काहीतरी गोड ठेवायला नको का? मी तेव्हाच ठरवलं, फळांचं सॅलड करायचं. ना कढई, ना चूल. फळं चिरायची, मध, लिंबू, काळं मीठ, की झालं. पाहुणे दारात असताना माझी आई हे करायची. नवरा म्हणाला, म्हणजे फळांची कोशिंबीर. म्हटलं, कोशिंबीर म्हण, काही म्हण, पण आधी मला सांग, बाबांनी सोडलंय काय?

तो गयेला त्यांच्या शेजारी उभा होता. तरी त्याला काही कळलं नव्हतं. म्हणे, बाबांचे ओठ हलले, डोळे मिटलेले होते, आणि पंडाजींना पुढच्या यजमानाची घाई होती. फार खोदून विचारल्यावर म्हणाला, केळं असेल, कारण परतीच्या गाडीत त्यांनी केळं नको म्हटलं होतं. चहा घेतला का, विचारलं, तर चहाही नको म्हटला होता. मी वन्संना फोन लावला. त्या ठाम होत्या की आंबाच. ‘माझ्या बाबांना मी ओळखते,’ म्हणाल्या. आता या दिवसांत आंबा आणून पडताळा कसा पाहायचा?

मग मी माझी तपासणी सुरू केली. रोज दुपारी मामंजींच्या पुढे एकेका फळाची बशी ठेवायची आणि परत काय येतं ते बघायचं. सफरचंदाच्या दोन फोडी खाल्ल्या, बाकीच्या परत. केळं अर्धं. पपई तशीच. मला वाटलं, सापडलं! तर दोन दिवसांनी तीच पपई खाल्ली आणि सफरचंद जसंच्या तसं आलं. सीताफळ परत आलं, पण बिया आणि कवळी यांचं वैर मला ठाऊक होतं, तेव्हा तो पुरावा धरता येईना. डाळिंबाचंही तेच. मी रोज बशीकडे पाहत बसे आणि रोज माझा अंदाज बदले. शेवटी माझं मलाच हसू आलं आणि मग वाईट वाटलं. ज्या माणसाला काहीच नकोय, त्याने नेमकं काय सोडलंय हे ओळखायचं कसं?

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी मामंजींना म्हटलं, सदर बाजारात चला, फळवाले मला गंडवतात. हे अर्धं खरं होतं. ते येतील असं मला वाटलं नव्हतं, पण त्यांनी चपला घातल्या. आम्ही ऑटोने गेलो. त्यांचा नेहमीचा ठेलेवाला सासूबाई गेल्याचं ऐकून होता. त्याने हात जोडले, मामंजींनी मान हलवली. मग त्यांनी पपई उचलून बोटाने वाजवली, डाळिंबं हातात जोखली, दोन मोसंबी नाकाशी नेली, ताज्या शिंगाड्यांच्या ढिगातून चांगले निवडून दिले. तोंडातून शब्द नाही, पण हात चालले होते. मी पिशवी धरून त्यांच्या हातांकडेच बघत होते.

तेवढ्यात ठेलेवाल्याने सवयीने नुकत्याच आलेल्या नव्या बहराच्या पेरूंतला एक उचलला, त्याच्या चार फाका केल्या, वर मीठ भुरभुरवलं आणि पुढे केला. ‘बाबूजी, आपका वाला.’

मामंजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. क्षणभर त्या पेरूकडे पाहिलं आणि मग मान वळवून समोरच्या स्कूटरींच्या रांगेकडे पाहत उभे राहिले. ठेलेवाला गोंधळला. मी झटकन म्हटलं, भैया, मला द्या, आणि तो पेरू कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

घरी येताना मी ऑटोत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. मला उत्तर सापडलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला सांगायची सोय नव्हती. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. नवऱ्याने विचारलं, काही कळलं का? मी म्हटलं, कळलं, आणि कणीक मळायला घेतली. 

भाऊबीजेला सकाळी मी फळं घेऊन बसले. काचेचं मोठं भांडं घेतलं, कारण रंग दिसले पाहिजेत. पपईच्या केशरी फोडी, रंगापुरते डाळिंबाचे दाणे, सालासकट सफरचंद, सोललेल्या मोसंबीच्या पाकळ्या. पांढरा रंग हवा होता म्हणून शिंगाडे सोलून त्यांच्या चकत्या केल्या. त्या दाताखाली करकरीत लागतात आणि मामंजींच्या कवळीलाही चालतात. केळं शेवटी, नाहीतर काळं पडतं. लिंबू पिळलं, मध सोडला, काळं मीठ आणि किंचित मिरपूड. या घरात कितीतरी दिवसांत एवढे रंग एका जागी आले नव्हते. दुखवट्याच्या वर्षात हे शोभतं का, असंही मनात येऊन गेलं.

वन्सं आल्या, मला कवटाळून रडल्या, आईच्या फोटोपाशी जाऊन पुन्हा रडल्या, आणि मग पदर खोचून स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी पिशवी ओट्यावर उपडी केली. आतून गुलाबी गराचे पेरू घरंगळले. आंब्याखालोखाल बाबांना हेच आवडतात म्हणून मुद्दाम आणले, म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत एक पेरू चिरून त्याच्या फोडी भांड्याकडे नेल्या.

मी भांड्यावर दोन्ही तळहात ठेवले.

‘काढ हात,’ वन्सं म्हणाल्या. मी नको म्हटलं. का नको, ते सांगता येईना. नाव घ्यायचं नाही, सोडलेलं सांगायचं नाही, आणि हात काढला तर मामंजी सणाच्या दिवशी उपाशी. वन्संचा चेहरा लाल झाला. ‘माझ्या बाबांना काय आवडतं, ते आता तू मला सांगणार?’

मला राग आला. इतके दिवस बशा मांडत होते आणि परत आलेल्या उचलत होते मी, आणि या ग्वाल्हेरहून येऊन मला ऐकवत होत्या. पण रागापेक्षा त्यांची कीव जास्त आली. आई नाही, आणि बापाचं आवडतं तरी आपल्याला माहीत आहे, एवढाच आधार धरून ती बाई आली होती. मी म्हटलं, ‘सांगता येत नाही, वन्सं.’

 वन्संची नजर हातातल्या फोडींवर गेली आणि तिथेच थांबली. फोडी हळूच ताटलीत ठेवून त्या खाली पाटावर बसल्या. आंबा नव्हे, एवढंच पुटपुटल्या.

मामंजी दारात कधी येऊन उभे राहिले, आम्हाला कळलं नाही. आमचं भांडण बाहेर ऐकू गेलं असणार. ते आत आले, वन्संच्या समोर दुसरा पाट ओढून बसले आणि सुरी मागितली. मी दिली नाही. म्हटलं, मामंजी, तुम्हाला चालणार नाही.

‘खाणं सोडलंय,’ ते म्हणाले. ‘चिरणं नाही.’

मी सुरी दिली. त्यांनी एक पेरू घेतला आणि आधी मधला बियांचा गर अलगद सुटा करून काढला. कवळी बसवल्यापासून तो भाग त्यांना चाववत नसे. थंडीत रोज संध्याकाळी बाहेरचा कडक गर ते खात आणि मधला मऊ सासूबाई खात. एका पेरूत दोघांचं व्हायचं. आता तो गर सुरीच्या टोकावर होता आणि त्यांचा हात थांबला होता. वन्संनी आपला तळवा पुढे केला. त्यांनी तो त्यावर ठेवला, आणि वन्सं डोळे पुसत पुसत तो बियांसकट खाऊ लागल्या.

मग मामंजींनी उरलेल्याच्या फाका केल्या, तिखट-मीठ लावलं आणि एक माझ्या हातात दिली. मी खाल्ली. दुसऱ्या हाताने त्यांच्यापुढे सॅलडची वाटी सरकवली. ते वाटीकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

‘कसा आहे?’

उन्हाळ्यापासून त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं.  मी म्हटलं, छान आहे.

‘छान म्हणजे काय? नीट सांग. तुरट आहे का?’

मग मी नीट सांगितलं. सालीपाशी तुरट आहे, म्हटलं, जीभ जरा आवळते. आत गेलं की गोड, पण फार नाही. वास तोंडभर राहतो. तिखट थोडं कमी पडलंय. ते ऐकत होते, मधूनच ‘आणि?’ म्हणत होते, मी आणखी सांगत होते. बोलता बोलता त्यांनी वाटी जवळ ओढली. मी पेरूची चव सांगत राहिले आणि मामंजी पपई खात राहिले.