सात विहिरींचा परिच्छेद

रविवारी सकाळी गावाकडच्या चुलतभावाचा फोन आला. "गड्या, तू इंटरनेटवर विहिरींचं लिवलं हुतंस, ते गेलं की रं! पोरानं मोबाईलवर दाखवलं. नुसतं कारखान्याचं कौतुक हाय."

मी इस्लामपुरात राहतो आणि पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजतो. उरलेल्या वेळात ऑनलाइन विश्वकोशात आमच्या तालुक्यातल्या गावांची पानं लिहितो. त्या कोशात कुणीही लिहू शकतं, आणि कुणी काय लिहिलं, काय पुसलं, याची मिनिटासकट नोंद राहते. आमच्या गावाजवळच्या साखर कारखान्याच्या पानावर दोन वर्षांपूर्वी मी एकच परिच्छेद लिहिला होता. डिस्टिलरीचं सांडपाणी ओढ्यात सोडल्यावर वाडीतल्या सात विहिरींचं पाणी तपकिरी झालं. खाली ग्रामसभेचा ठराव, दैनिकातल्या दोन बातम्या आणि प्रयोगशाळेचा अहवाल, असे चार आधार दिले होते.

पान उघडलं. परिच्छेद नव्हता. त्याच्या जागी वृक्षारोपण आणि शिष्यवृत्त्या होत्या. पुसणाऱ्यानं कारण दिलं होतं, "असंतुलित मजकूर". त्याचं कोशावरचं खातं पाच आठवड्यांचं होतं.

मी त्या खात्याच्या सगळ्या दुरुस्त्या एकेक करून वाचल्या. एकूण चौदा. पहिल्या बारा अगदी साध्या, कुठं वेलांटी, कुठं गावच्या जत्रेचा महिना. तेरावीत परिच्छेद पुसलेला, चौदावीत कौतुक घातलेलं. कुणीतरी आधी बारा वेळा सज्जन होऊन मग कामाला हात घातला होता.

त्या बारांतली नववी आमच्याच गावच्या पानावर होती. बारवेच्या पायऱ्या मी बेचाळीस लिहिल्या होत्या, त्या एक्केचाळीस केल्या होत्या.

तो आकडा मी पुन्हा वाचला. बारवेपाशी पाटी आहे, तिच्यावर बेचाळीस आहे. सारं गाव बेचाळीस म्हणतं. एक्केचाळीस फक्त आमच्या घरात म्हणतात. वरच्या पायरीला पाणी घालायचा मान आमच्या घराचा, म्हणून आम्ही तिच्यावर पाय ठेवत नाही, वाकून हात लावतो आणि ओलांडतो. मोजणी तिच्या खालून सुरू. माझ्या मुलीला मी आकडे त्याच पायऱ्यांवर शिकवले. आता ती पुण्यात एका जनसंपर्क कंपनीत आहे, आणि त्या आठवड्यात सुट्टी काढून घरी आली होती. आत आईबरोबर शेंगा फोडत बसली होती.

मी लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. "हे खातं तुझं?"

तिनं पडद्याकडं पाहिलं. नाही म्हणाली नाही. "कसं कळलं, पप्पा?"

"एक्केचाळीस."

"ती तर चूक होती. तेवढी एक मी मनापासून सुधारली."

मी तिच्यासमोर बसलो. ती सांगत गेली आणि मी ऐकत राहिलो. कारखाना त्यांच्या कंपनीचा ग्राहक. अशी पानं "स्वच्छ" करायला कंपनीत तीन जण. प्रत्येकाची पाच खाती, एक पकडलं गेलं तर दुसरं तयार. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं तसं उघड सांगावं, असा कोशाचा नियम आहे, आणि तो तिला माझ्यापेक्षा नीट पाठ होता. ती हे सगळं शेंगा फोडत सांगत होती.

"मग सांग की उघड," मी म्हणालो. "खात्यावर लिही, कंपनीसाठी करते म्हणून."

"त्याच दिवशी नोकरी जाईल."

"अहो, लेकीची चौकशी लावताय काय?" बायको म्हणाली. "हे घर हाय, तुमचं पाटबंधारे खातं न्हवं."

"तिनं खोटं केलंय."

"आणि तुम्ही, पप्पा?" मुलीनं हातातली शेंग खाली ठेवली. "त्या सात विहिरींत एक आपली आहे. काका तिचंच पाणी पितात. तुम्ही कुठं लिहिलंय ते?"

मी परिच्छेदाचा जुना मजकूर उघडला. चार आधार होते, सात विहिरी होत्या. आमची विहीर असल्याचा एक शब्द नव्हता. दोन वर्षांत मला ते एकदाही सुचलं नव्हतं. पुण्याच्या पोरांच्या पंधरा खात्यांनी बसला नव्हता एवढा धक्का मला त्या रिकाम्या जागेनं बसला. परिच्छेद खरा होता, पण तो परत घालायचा हक्क आता माझा राहिला नव्हता.

संध्याकाळपर्यंत मी त्या पानाच्या चर्चेच्या जागी तीन वाक्यं तयार केली. सातांपैकी एक विहीर माझ्या कुटुंबाची आहे. परिच्छेद पुसणारं खातं कारखान्यासाठी काम करणाऱ्या कंपनीचं आहे, आणि त्या कंपनीत माझं जवळचं माणूस आहे. म्हणून मी या पानाला हात लावणार नाही, आधार तपासून इतरांनी ठरवावं.

तिला वाचून दाखवलं. "तुझं नाव नाही," मी म्हणालो.

"नाव कशाला पाहिजे? ऑफिसात आपल्या वाळवा तालुक्यातली मी एकटीच आहे."

"मग आधी तू लिही. मी थांबतो."

ती उठून गॅलरीत गेली. मी अर्धा तास थांबलो. आत आली तेव्हा तिनं बॅग भरायला घेतली. लिही म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मी बटण दाबलं.

नऊ दिवसांनी परिच्छेद परत आला, कुण्या अनोळखी माणसाच्या हातून, निम्मा होऊन. सात विहिरी मात्र राहिल्या. चुलतभावाचा फोन आला, "लय झाक काम केलंस रं!" मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला, कारण मुलीचा निरोप आदल्या दिवशीच आला होता. उद्या दुपारच्या गाडीनं येते, सामान जास्त आहे.

दुपारी मी स्टँडवर गेलो. ती दोन बॅगा आणि गादीची वळकटी घेऊन उतरली. बॅगा मी घेतल्या. वळकटीला हात लावला, तर ती तिनं सोडली नाही. घरापर्यंत माझ्या पुढं दहा पावलं चालत राहिली.