मामींची बस

मामींचा आवाज बसच्या हॉर्नपेक्षा मोठा. वस्तीतले लोक हे कौतुकानं सांगत, आणि मला ते ऐकवत नसे.

मामी म्हणजे आमच्या शेजारीण. अमरावतीच्या बाजारात भाजी विकायच्या. शहर बस आमच्या नाक्यावरूनच परत फिरायची. आत वळायला जागा नाही म्हणे. मामी टोपली डोक्यावर घेऊन तिथवर चालत, आणि गुडघे आखडलेल्या माझ्या सासूबाई उंबऱ्याबाहेर पडतच नसत. मी नांदगाव पेठला कारखान्यात शिलाईकाम करते. बस आत यावी म्हणून महापालिकेतल्या साहेबांना आधी भेटले ती मी.

मामी कोणालाच भेटल्या नाहीत. एका सकाळी ड्रायव्हरचा हात धरून त्यालाच वस्तीत घेऊन आल्या. "पाह्य बावा, कुठं अडते तुई गाडी?"

त्यानं कोपऱ्यावरच्या मामींच्याच ओट्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेला फरशीचा ओटा. संध्याकाळी अर्धी गल्ली तिथं बसायची. मामींनी त्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "ओट्यावर बसून कोनी कुठं पोचलं हाय का?"

दुपारपर्यंत ओटा गेला. ते पाहून समोरच्यानं टपरी मागे घेतली, हातगाड्या हलल्या. काही दिवसांत बस आत आली. हार पडला तो मामींच्या गळ्यात. टाळ्या मीही वाजवल्या.

खरा जळफळाट पुढं झाला. सासूबाई मामींबरोबर दवाखान्यात जाऊ लागल्या, मग बाजारात, मग नुसत्याच फिरायला. "मी रजा टाकते, आपण रिक्षानं जाऊ," असं मी किती वर्षं म्हणत होते. तेव्हा त्यांचे गुडघे दुखायचे. आता खिडकीजवळ बसून शेजारच्या सीटवर मामींसाठी पदर पसरून ठेवायच्या. घरी आल्या की मामींचेच किस्से. माझ्या कारखान्यातली एक गोष्ट त्यांनी कधी विचारली नाही.

दिवाळीनंतर मामी अकोल्याला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. मला वाटलं, आता सासूबाई माझ्या.

एका रविवारी त्या नवं लुगडं नेसून निघाल्या. "बसनं स्टँडवर जातो, तिथून अकोल्याची एसटी धरतो. मामी वाट पाहून राहिली."

मी घाईनं पर्स उचलली. "थांबा, मीपण येते."

"तू कायले येतं? आराम कर. मले येते आता एकटीले जाता."

बस दारासमोर थांबली. मी हात पुढं करेपर्यंत त्या चढल्यासुद्धा होत्या.