हापशामागची मोकळी जागा

"तांब्याला हात लावू नको. वरून घे."

शेठच्या बायकोनं तांब्या उंच धरला. मी खाली बसून ओंजळ केली. पाणी कोपरावरून लुगड्यात गेलं. गोदामात पूजा होती. सगळ्यायसमोर मी तशी बसल्ते.

जालन्याच्या एमआयडीसीमागं शेठचं भंगाराचं गोदाम. हाफिसातले मोडके कॉम्प्युटर, टीव्ही टेम्पोनं यायचे. आम्ही बाया वायर जाळून तांबं काढायचो. आतल्या हिरव्या पट्ट्या तेजाबात बुडवायचो. डोळे गळायचे. बोटाची कातडी निघायची. माझ्यासंग काम करणाऱ्या गयाबाईच्या खोकल्यात रक्त आलं, तवा मी शेठला इचारल्तं, "हे जहरी हाय का?"

"काई होत न्हाई. तुमच्या लोकायला धुराची सवय असती."

मी परत जाळापाशी जाऊन बसल्ते.

पूजेच्या दिवशी मातर मी त्याच्या बायकोला म्हणलं, "वहिनी, अजून इटाळ पाळता का?"

ती रागावली न्हाई. सरळ बोलली. "जातीचं न्हाई गं. तुमच्या हाताला त्या मालाचं जहर असतं. हेच म्हणले, भांड्याला हात लावू देऊ नको, घरात लेकरं हायेत."

म्हंजे शेठला म्हाईत होतं. बिलकुल म्हाईत होतं.

माझ्या आजीनं असंच वरून पाणी घेतलं. आजोबानं धम्म घेतला तवा आमच्या घरानं ते सोडलं. आता यानं आपल्या मालानं आमचे हात नासवले, आन् परत आम्हालाच खाली बसवलं.

त्याच हप्त्यात शेठनं टेम्पो भरला. राख, पिक्चर ट्यूबच्या काचा, वापरलेल्या तेजाबाचे कॅन. ड्रायव्हरला म्हणला, "या बायायच्या वस्तीमागं रिकामा कर. मोकळीच जागा हाय."

तिथं आमचा हापसा होता. सगळी वस्ती त्याचंच पाणी प्यायची.

मी टेम्पोसमोर उभी राह्यले. गयाबाई खोकत खोकत बाजूला आली. मंग बाकीच्या बाया.

"सरक," शेठ म्हणला. "उद्यापासून कामावर येऊ नको."

"न्हाई येत. पर हे तिकडं जाणार न्हाई."

"मंग काय माझ्या घरी टाकू?"

"तुमच्या घरी बी नका टाकू. जिथं याचा बराबर बंदोबस्त करतेत तिथं न्या. खर्चा तुम्ही करा. माल तुमचा हाय."

त्यानं टेम्पो मागं घेतला. वस्तीत आम्ही जिंकलो म्हणून चहा झाला.

मंग कळलं, त्यानं तो माल पल्याडच्या गावाच्या ओढ्यात ओतला. तिथंबी काठाला आमच्यासारखीच वस्ती. मी आन् गयाबाई तिथं गेलो. बाया ओढ्यावर धुणं धुऊन राह्यल्त्या. आम्ही त्यायला पाण्यातून बाहेर काढलं आन् सगळं सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात गयाबाई गेली. डॉक्टर म्हणला, छाती खराब होती. खराब कोणी केली ते कोणी इचारलं न्हाई.

मी इचारते. गोदामाच्या दारात उभी राहून इचारते, तुमची राख कुठं चालली? ज्यानं मालावर पैसा कमावला त्यानंच त्याचं जहर निस्तरायचं. त्याचा टेम्पो कोणत्याबी गावाकडं निघू दे. मी आडवी येणार.