वायरींची वेणी

माझ्या सासुरवाडीला माझ्यामुळे फक्त एकदाच आग लागली, आणि तीसुद्धा फार मोठी नव्हती.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्षं. मी मालेगावात पत्राने रेडिओचा अभ्यासक्रम करत होतो. (बारापैकी सात धडे वाचले होते. उरलेले पाच अनुभवाने येतील, असा अंदाज होता. आले!) शेलूबाजारला सासऱ्यांचा रस्त्याला लागून एक रिकामा गाळा होता. तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकायचं, हे माझं स्वप्न. शेवटी सासऱ्यांचा निरोप आला, "धोंड्याच्या महिन्यात जेवाले या. येताना सोताच्या हातचा रेडिओ आना. वाजला, त गाळा तुमचा."

चार व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, रेडिओ मी जोडला. चक्क वाजला! माझा मित्र नामदेव विजेच्या खांबांवर चढणारा वायरमन. त्याने पेटीत डोकावून सांगितलं, "ह्या काचा लय तापते बाप्पा. वायरी कडेकडेनं घे, काचेपासून चार बोटं दूर."

"पन किती गबाळं दिसते! मामाजी मागून उघडून पाह्यतीनच."

त्यावर माझी बायको सुमन म्हणाली, "अवो, वेनी घालून देऊ का?"

आणि दिली! लाल, पिवळी, काळी, तीन पेडांची घट्ट वेणी, टोकाला रिबिनीचं फूल. इतकं देखणं वायरिंग अख्ख्या तालुक्यात नसेल. अडचण एवढीच, की वेणी घातली की लांबी कमी होते. (हे बायकांना ठाऊक असतं. माझ्या सात धड्यांत नव्हतं.) कडेने वळसा घ्यायला ती पुरेना. मग मी ती सरळ, सगळ्यात तापणाऱ्या दोन व्हॉल्व्हच्या मधून, काचेला टेकवून नेली.

"चटका बसन तिले," नामदेव म्हणाला.

"तू खांबावरच बरा हाये," मी म्हणालो.

शेलूबाजारला नामदेवही आला. (माझी फजिती पाहायला. लपवलं नाही त्याने.) पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे आणि मोजून तेहतीस अनारसे! रेडिओ कोनाड्यात विराजमान झाला. सासूबाईंनी कौतुकाने त्यावर भरतकामाचा जाड रुमाल पांघरला. उष्णतेला बाहेर पडायची एक वाट होती, तीही बुजली. रेडिओ मात्र वाजला. सासरे मान डोलवू लागले. मला गाळ्यावरची पाटी दिसू लागली.

दहाव्या मिनिटाला मेहुणी म्हणाली, "माय, काही करपून राह्यलं का वो?"

"चूल तं कवाचीच इझली," सासूबाई म्हणाल्या.

"मंग धूर कायचा?"

सासऱ्यांनी कोनाड्याकडे शांतपणे पाहिलं. "जावईबापू, तुमच्या रेडिओत धूप लावाची सोय हाये का?"

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. विष्णूचा रेडिओ जळतो आहे, असं विष्णूच्या तोंडावर कोण म्हणणार? मी उठू लागलो, तर सासूबाईंनी खांदा दाबून खाली बसवलं. "भरल्या पानावून उठाचं नाही बापू!"

"मामी, ते बटन..."

"आंदी हा धोंडा खा."

मी धोंडा खाल्ला. तोवर वेणी वितळली, तिन्ही वायरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, फाट् असा आवाज झाला आणि रुमालाने पेट घेतला! मेहुणी घागर घेऊन धावली.

"पानी नोको!" नामदेव ओरडला. "आंदी बटन!" त्याने बटण बंद केलं आणि सासऱ्यांची नवी घोंगडी पेटीवर टाकली. आग विझली. मी विधीप्रमाणे पाटावरच होतो, दुसरा धोंडा हातात.

सगळे सासऱ्यांकडे पाहू लागले. त्यांनी मिशी चोळली.

"वाजला त वाजला. दहा मिन्टं का होईना. अन् जावयाले या महिन्यात 'नाही' मनता येत नाही. गाळा तुमचा."

मी गदगदून हात जोडले.

"पन लाइन भेटनार नाही," सासरे म्हणाले. "गाळ्यात ना बटन, ना बल्ब!"

अशा रीतीने विजेशिवाय रेडिओ दुरुस्त करणारं पंचक्रोशीतलं एकमेव दुकान मी नऊ वर्षं चालवलं. स्टोव्हवर लोखंड तापवून तारांच्या सांध्यांना डाख द्यायचो. रेडिओ वाजतो की नाही, हे गिऱ्हाइकाला घरी गेल्यावरच कळायचं. आणि गिऱ्हाईक परत येईपर्यंत मी दुकानाला फळ्या लावून जेवायला गेलेला असायचो!