सातावर थांबलेलं घड्याळ

घडीसाजाच्या घरात जन्मून मी जितकी घड्याळं चालू केली, त्याहून जास्त बंद पाडली. घरात त्यावरून माझी चेष्टा चालते. एका घड्याळाचं नाव मात्र कुणी काढत नाही.

निजामाच्या अमदानीत परभणीत आमचं दुकान होतं. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, शेवटचं काम ताडकळसच्या एका जमीनदाराचं प्रवासी घड्याळ. पितळी चौकट, चारी बाजूंना काच, वर धरायला मूठ. गाडीच्या हिसक्यांत चालावं म्हणून त्यात लंबक नसतो. वरच्या काचेखाली एक चाक मागेपुढे झुलतं. त्याची मोडलेली आस अप्पांनी उरल्यासुरल्या नजरेवर घडवली. मग नजरही गेली आणि त्यांनी अंथरूण धरलं. मालक येईतो चार दिवस घड्याळ उशाशी असावं, त्याची चाल ऐकावी, एवढंच त्यांचं मागणं. माथ्यावरची कळ दाबली की गेल्या तासाचे ठोके पुन्हा पडत.

आमच्यात सकाळी लिंगपूजा झाली की कपाळाला भस्म. पण दुकानाचा नियम असा, की ती बोटं धुतल्याशिवाय घड्याळ उघडायचं नाही. त्या सकाळी मी अप्पांना भस्म लावलं, चाक मंदावल्यासारखं वाटलं म्हणून काच उघडून त्याच बोटानं ढकललं. माझा कान घडीसाजाचा न्हाई, असं अप्पा नेहमी म्हणत. सात वाजून गेल्यावर घड्याळ थांबलं.

अप्पांचा डोळा लागला होता. चाल थांबली तरी कळ ठोके देते, तेवढ्यावर निभेल असं वाटलं. दुपारी त्यांनी वेळ विचारली. मी कळ दाबली. सात पडले.

"लय लांबली आजची सकाळ," अप्पा म्हणाले. मग हळूच, "बोटं धुतली न्हाईस ना? काढ ते चाक. मी सांगतो तसं कर."

ते सांगत गेले, मी खोलत गेलो. दम लागला की थांबायचे. दुसऱ्या दिवशी ते थांबले, तेव्हा चाक अजून धुवायला पेट्रोलच्या वाटीत होतं.

त्यांच्या कपाळाला शेवटचं भस्म लावलं आणि आपसूक उठून बोटं धुतली. आयुष्यभर जी लागली नाही ती सवय त्या दिवशी लागली.

अप्पा गेल्याच्या पाचव्या दिवशी घड्याळ चालू झालं. काचेला कान लावून बसलो. चाल सरळ होती की लंगडी, ते सांगणारं कुणी नव्हतं.