हाताला वाचता येत नाही

दुपारचे दोन वाजलेत. आमचा ड्रायव्हर रोहिदास विहिरीच्या मालकाकडून फाटकाची किल्ली आणायला गावात गेलाय आणि मी पिकअपमध्ये पुढच्या सीटवर एकटी बसले आहे. नुकतंच बंद केलेलं डिझेल इंजिन टिकटिक करतंय. तापलेलं लोखंड निवताना आकसतं, त्याचा हा आवाज. दोन टिकटिकींमधलं अंतर मी मोजते. दोन सेकंद. तीन. पाच. डोळे मिटलेत, पण पाय हलायचा थांबत नाही.

सातव्या सेकंदाला भिवाकाका गाडी सुरू करतात.

ते नेहमीसारखेच स्टिअरिंगवर किंचित वाकून बसलेत, खाकी शर्टाच्या वरच्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन. त्यांना जाऊन तीन महिने झाले हे मला पक्कं माहीत आहे. मी तसं म्हणत नाही. तोंडावर कसं म्हणायचं. अकरा वर्षं त्यांनी मला माण तालुक्यातल्या विहिरींवर फिरवलं. मी पाण्याची पातळी मोजायची, नमुने भरायचे. ते गाडी सांभाळायचे.

काका विचारतात, डबा खाल्ला का. मी हो म्हणते. मग म्हणतात, इंजिन आचके देतंय बघा, डिझेलमध्ये हवा शिरली. मलाही ते आचके पोटात जाणवतायत. रस्ता संपून आमच्या प्रयोगशाळेची पांढरी फरशी लागते आणि ते टेबलांमधून गाडी सावकाश नेतात, बाटल्यांना धक्का लागू नये म्हणून.

गाडी बंद पडते.

बॉनेट उघडलं तर खाली विहीर आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं. तळाशी, पाणी असायचं तिथे, कोरडं इंजिन. काका हवा काढायला पान्याने स्क्रू सैल करतात आणि फिल्टरवरचा छोटा हातपंप माझ्या अंगठ्याखाली देतात.

"फेस थांबेस्तोवर दाबा, बाई."

मी दाबते. स्क्रूच्या कडेने डिझेलचा फेस येतो, बुडबुडे फुटतात. काका ते पिवळ्या फडक्याने टिपतात. त्या फडक्याकडे मला बघवत नाही.

त्यांच्या छातीचं दुखणं जुनं होतं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी ते या फडक्यात गुंडाळून आपल्या दाराच्या कप्प्यात ठेवत. त्याच कप्प्यात दहा नंबरचा पाना, फ्यूज, सुतळी, शेंगदाणे. मला तो पसारा सोसवेना. दिवाळीच्या सुट्टीत मी गाडी आवरली. सहा डबे आणले, प्रत्येकावर चिठ्ठी डकवली आणि मागच्या पेटीत ओळीने लावले. पट्टी ‘औषधे’ लिहिलेल्या डब्यात गेली, घडी केलेलं फडकं तेवढं कप्प्यात राहिलं. काकांना सगळं दाखवलं. झकास, म्हणाले. आठ दिवसांनी मी एका विहिरीतून वर आले, तेव्हा ते सीटवर दाराकडे कलंडलेले होते, हात कप्प्यात आणि मुठीत फडकं. ती मूठ कुणी सोडवली नाही. फडकं त्यांच्याबरोबरच गेलं. डब्यातल्या गोळ्या मी मोजल्या. दहाच्या दहा. याबद्दल मी कुणालाही काही बोलले नाही. काकूंनाही नाही.

"काका, तुम्ही शोधल्यात ना गोळ्या?"

"व्हय."

"मागे होत्या. डब्यावर लिहिलं होतं. मी दाखवलं होतं तुम्हाला."

"दावलं हुतं की." ते स्क्रूवरून नजर काढत नाहीत. "लई शिकल्यालं डबं तुमचं. पर त्या वक्ताला डोकं कुठं हुतं, बाई? हातच हुता नुसता. हाताला वाचाय येत न्हाई."

मी पंप दाबत राहते. अंगठा दुखतोय. वर विहिरीच्या तोंडाशी आभाळाचा गोल आहे आणि त्याला सीटची शिवण आहे.

"चूक माझी आहे," मी म्हणते. तीन महिन्यांत पहिल्यांदाच, आणि तेही त्यांनाच.

ते नाही म्हणत नाहीत. मी वाट बघते, तरी म्हणत नाहीत.

"थांबू नगा," एवढंच म्हणतात. "अजून फेस येतोय."

मी दाबते. बुडबुडे विरळ होतात, मग एकेक, आणि मग डिझेलची अखंड, सरळ धार काकांच्या बोटांवर पडते. ते स्क्रू आवळतात. हात पुसतात. मी पुन्हा सीटवर आहे आणि ते बाहेर उभे, खिडकीत कोपर टेकून.

"आता गाडी परत आवरा," म्हणतात.

"कशी आवरू?"

"डोळं झाकून."

मी विचारणार असते, म्हणजे कसं, पण इंजिन एकदा टिक करतं आणि मी जागी होते.

दोन वाजून अकरा मिनिटं. गाडीत कुणी नाही. पाय थांबलाय. रोहिदास लांबून येताना दिसतो, हातात किल्ली. मी पुन्हा डोळे मिटते, ड्रायव्हरच्या सीटवर सरकते आणि हात सैल सोडते. तो आपणहून दाराच्या कप्प्यात जातो. रोहिदास तिथे काहीच ठेवत नाही, त्याला तो कप्पा नको वाटतो.

बोटांना कापड लागतं.

डोळे उघडते. पिवळं फडकं आहे, डिझेलने ओलं. आत पट्टी. मी गोळ्या मोजते, दहाच्या दहा, मग फडक्याची होती तशी घडी घालून ते होतं तिथेच ठेवते.